लिबरल वकिलांचं वाक्य

"शिंदे, आजोबांचं एक वाक्य काढा. उदारमतवादी वाक्य पाहिजे. सभेच्या नोटिशीवर छापायचंय."

आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष बापूसाहेब माझ्या टेबलासमोर उभे होते. बोलता बोलता त्यांनी एक नकाशा पसरला. त्यात रस्त्याकडे तोंड करून तीन दुकानगाळे आखले होते.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. कराड-कडेगाव पट्ट्यातल्या एका बाजाराच्या गावात मी ग्रंथपाल होतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण बापूसाहेबांची मुलं अजून तिथंच राहतात. गाळे जिथे आखले होते तिथे आमचा मुक्तद्वार विभाग होता. म्हणजे एक खोली, जिथे कुणीही वर्गणी न भरता येऊन पेपर वाचावा, अभ्यास करावा.

"म्हणजे ही खोली बंद?" मी विचारलं.

"आता उदारीकरण आलंय, शिंदे. सरकारी अनुदानावर किती दिवस जगायचं? आजोबा पक्के लिबरल. सरकारचा पैसा त्यांनी कधी घेतला नाही."

हे खरं होतं. बापूसाहेबांचे आजोबा दादासाहेब हे वाचनालयाचे संस्थापक, इंग्रजांच्या काळातले वकील. गावात म्हातारी माणसं त्यांना 'लिबरल वकील' म्हणत. त्यांच्या वेळची इतिवृत्तं, म्हणजे सभेत काय ठरलं याच्या वह्या, मोडी लिपीत होत्या. गावात मोडी मला एकट्यालाच वाचता यायची. खरं तर नोकरी मिळाली ती त्या जोरावरच.

वाक्य पहिल्याच वहीत सापडलं. कलेक्टरने अनुदान देऊ केलं होतं, पण कोणते पेपर मागवता त्याची यादी कचेरीत दाखवायची अट होती. दादासाहेबांनी अनुदान परत केलं आणि लिहिलं, 'संस्था खाजगी आहे. सरकारने तिच्या दारात हात घालू नये.' साहेबाच्या तोंडावर असं लिहायला छाती लागते. मला अभिमान वाटला. वाक्य कार्डावर उतरवून मी बापूसाहेबांकडे दिलं आणि काम संपलं असं धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमन कांबळे टेबलाशी आली. ती पोस्टात ईडी पॅकर होती. आजची ईडी नव्हे, एक्स्ट्रा डिपार्टमेंटल, म्हणजे अर्धवेळ आणि कायम नसलेली नोकरी. खात्याची परीक्षा पास झाली तर पोस्टमन होणार होती. वयाची अट बघता हा तिचा शेवटचा चान्स. ड्युटीआधी रोज दोन तास ती त्या खोलीत बसायची.

"सर, खोली बंद व्हणार म्हणं?"

"ठराव येतोय सभेपुढे. तुम्ही वर्गणी भरून वरच्या हॉलमध्ये बसा की."

"वरचा हॉल संध्याकाळी उघडतो. तवा माझी दुसऱ्या टपालाची ड्युटी असती. अन् घरात सहा माणसं, एक खोली." ती जरा थांबली. "ही खोली आधीपासनं समद्यांना उघडी हाय ना?"

"हो, पहिल्यापासून," मी सांगून टाकलं.

ग्रंथपालाला एक वाईट खोड असते. तो उत्तर आधी देतो आणि खातरजमा नंतर करतो. दुपारी मी पुढच्या वह्या काढल्या. तीसेक वर्षांनंतरच्या एका वहीत महारवाड्यातल्या शाळेच्या मास्तरांचा अर्ज सापडला. वाचनालयात बसून पेपर वाचू द्यावा, सार्वजनिक जागा सर्वांना खुल्या कराव्यात असं सरकारचंही म्हणणं आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. खाली दादासाहेबांचा शेरा होता. 'संस्था खाजगी आहे. सरकारने तिच्या दारात हात घालू नये. अर्ज नामंजूर.'

वाक्य तेच, अक्षरही तेच. माणूस बदलला नव्हता आणि त्याचं तत्त्वही नाही. त्या काळी लिबरल म्हणजे सरकारला चार हात लांब ठेवणारा. पहिल्या वेळी त्यामुळे वाचणारा मोकळा राहिला, दुसऱ्या वेळी वाचणारा बाहेर राहिला. मला लाज वाटली. दादासाहेबांची कमी आणि माझी जास्त, कारण अर्धीच गोष्ट उतरवून मी मोकळा झालो होतो.

मी बापूसाहेबांकडे गेलो. "वाक्य अपुरं आहे. त्याला पुढचा भाग आहे."

"नोटिसा गेल्या, शिंदे. मेलेल्या माणसाला आता उकरू नका."

सभा रविवारी होती. नेहमीप्रमाणे गणपूर्ती झाली नाही. नेहमीप्रमाणे अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी, त्याच माणसांत सभा सुरू झाली. सुमन दारात उभी होती. सभासद नसलेल्याने उभं राहून ऐकायचं, बोलायचं नाही, असा नियम होता. बापूसाहेब म्हणाले, "शिंदे, आजोबांचं वाक्य मूळ वहीतून वाचून दाखवा."

मी वाचलं. टाळ्या पडल्या. मग मी दुसरी वही उघडली.

"तेवढं पुरे," बापूसाहेब म्हणाले.

पुढच्या रांगेतले सगळ्यांत जुने सभासद, तात्या, बसल्या जागेवरून बोलले. "आवं बापूसाहेब, इतिवृत्त मधी थांबवायचं न्हाई. तुमच्या आज्याचाच नियम हाय त्यो. वाचा वो शिंदे."

मी वाचलं. मास्तरांचं नाव वाचलं, अर्ज वाचला, शेरा वाचला. या वेळी टाळ्या नव्हत्या. तिसरी वही देवनागरीत होती. ती मी बापूसाहेबांपुढे ठेवली. "हे तुम्हीच वाचा. तुमच्या वडिलांचं अक्षर आहे."

त्यांनी चष्मा लावला. स्वातंत्र्यानंतर त्यांचे वडील अध्यक्ष झाले होते. तेही स्वतःला लिबरलच म्हणवत. त्यांनी सरकारी अनुदान घेतलं आणि त्यातून ही खोली उघडली. बापूसाहेब हळू वाचत गेले. 'अर्ज करूनही ज्यांना आत घेतले नाही, त्यांच्यासाठी ही खोली. येथे कोणास अर्ज करावा लागणार नाही.'

त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "गाळ्यांचा विषय पुढच्या सभेपुढे ठेवा."

संस्थांच्या भाषेत हे श्राद्धच. तो विषय मी असेपर्यंत परत आला नाही. सुमन परीक्षा पास झाली आणि पुढे वाचनालयाचं टपाल तीच आणू लागली.

त्या सभेचं इतिवृत्त मी लिहिलं. हजर सभासदांची नावं झाल्यावर एक ओळ जास्तीची घातली, 'दारात उभ्या : श्रीमती सुमन कांबळे, वाचक.' अशी नोंद करायची पद्धत नाही. बापूसाहेबांनी ती ओळ दोनदा वाचली आणि खाली सही केली.

तेव्हापासून कुणी थोर माणसाचं वाक्य काढून द्या म्हटलं, की मी देतो. फक्त ते लिहिलं तेव्हा दारात कोण उभं होतं, तेवढं आधी बघून घेतो.