तळहात वर!

आज हाताला पॉवरलूमचं तेल लागलं आणि त्या वासासरशी गोडादऱ्याच्या वस्तीतला आमचा मोती कुत्रा आठवला. लूमच्या खडखडाटात आम्ही कारागीर हातांनीच बोलायचो, म्हणून त्यालाही तसंच शिकवलं. तळहात वर गेला, की बसायचं. बायको हसायची, "अहो, मुकं करताय का त्याला?"

एकदा रस्त्यापलीकडून मला पाहून तो तिच्या हातून निसटला. साड्यांच्या गठ्ठ्यांनी भरलेला टेम्पो भरधाव येत होता. मी ओरडलो, पण हॉर्नपुढे माझाच आवाज मला ऐकू येईना. मग तेलकट तळहात उंच केला. मोती कडेलाच बसला. टेम्पो त्याच्या मिशा हलवून गेला.

मागे बायकोही मटकन बसलेली! तेव्हा धावत जाऊन आधी तिला उठवलं. आज मात्र मिरवून सांगतो, माझा हात बघून ती बसली, ती आयुष्यात तेवढी एकदाच.