हळदीकुंकवाच्या वाणातलं प्राणिसंग्रहालय

लहान मुलांसाठी विनोदी पुस्तकं लिहायची आणि त्यांतली चित्रंही आपणच काढायची, या धंद्यात मी वीस वर्षं टिकलो ते एका नियमावर: प्राणी जंगलातले, चेहरे बिल्डिंगमधले. बोरिवलीच्या आमच्या चार मजल्यांत जेवढे नमुने आहेत तेवढे अख्ख्या आफ्रिकेत नसतील. पुस्तकं मात्र बिल्डिंगमध्ये कुणाला दाखवायची नाहीत. आणि घरमालकीण काकूंना तर कागदावर आणायचंच नाही. त्या आमच्या डोक्यावरच राहतात, आणि दर अकरा महिन्यांनी भाड्याच्या करारावर सही करायची की नाही, हे त्यांचा मूड ठरवतो. यंदाची सही अजून व्हायची होती. त्यात मुलीची दहावी. अशात घर सुटलं असतं तर वाटच लागली असती.

संक्रांतीनंतर एका संध्याकाळी घरी आलो, तर दाराबाहेर चपलांचा डोंगर. तो चढून, पलीकडे उतरून आत गेलो. बायकोचं हळदीकुंकू! दहा बाय बाराच्या हॉलमध्ये किमान नऊशे बायका, आणि प्रत्येकीच्या हातात माझं नवं पुस्तक.

"अगं, हे काय?"

"वाण," बायको म्हणाली. "पलंगाखाली तुझा गठ्ठा पडलाच होता. दरवर्षी काय गाळण्याच वाटायच्या?"

माझं काळीज निसटलं ते थेट खाली पार्किंगमध्ये जाऊन आपटलं. वॉचमननं आवाज ऐकला, विचारा हवं तर.

सेक्रेटरीबाई शहामृगाच्या चित्रावर मान लांब करून वाकल्या होत्या. "ए, ही मी ना गं?"

"नाहीतर काय! मान बघ की!" दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या. "आणि ही पाणघोडी मी. पैठणीपण माझीच नेसवलीय मेल्यानं!"

सगळ्या खिदळायला लागल्या. मी हुश्श करणार, तेवढ्यात कोपऱ्यातून काकू बोलल्या. त्यांनी पुस्तक दोनदा उलटून पालटून पाहिलं होतं.

"मी कुठे आहे रे यात?"

नऊशे माना माझ्याकडे वळल्या.

"काकू, तुम्हाला... आदरापोटी नाही घेतलं."

"कसला आदर? वॉचमनचं मांजर घेतलंस! सहा वर्षं माझ्या घरात राहतोस, आणि मी मांजरापेक्षा गेले? करार संपतोय ना तुझा?"

बायकोच्या हातातली कुंकवाची कोयरी कलंडली. मी समोरचंच एक पुस्तक ओढलं, शेवटचं कोरं पान उघडलं आणि खिशातल्या पेन्सिलीनं काकूंची हत्तीण काढली. जिवाच्या भीतीनं कंबर चवळीच्या शेंगेसारखी.

काकूंनी चष्मा पुसून बघितलं आणि माझ्या हातातली पेन्सिल हिसकावली.

"एवढी बारीक मी लग्नातपण नव्हते!" असं म्हणत त्यांनी हत्तिणीला दोन्ही बाजूंनी असा घेर दिला की पोट पानाबाहेर गेलं. "आता बरोबर. पुढच्या पुस्तकात अश्शीच छापायची. उद्या रंगवून वर घेऊन ये, करार पण आण. सही करते."

मी आ वासून बघत उभा. वीस वर्षांत माझ्या एकाही हत्तिणीला असं पोट जमलं नव्हतं.