यशोदाकाकीची नागीण

आमच्या आरोंद्यात यशोदाकाकीइतकी फटकळ बाई दुसरी नाही, आणि तिच्या चंचीइतकी गच्च भरलेली चंचीही नाही. पान, सुपारी, अडकित्ता, पितळी चुन्याची डबी, वर देवळातल्या अंगाऱ्याची पुडी. कनवटीला खोचलेली ही चंची ती झोपतानाच काय ती काढते.

गेल्या महिन्यात काकी सावंतवाडीला बाजाराला गेली, तेव्हा पुतण्या जितेंद्रने भजनाच्या माईकसाठी चौकोनी सेल आणायला सांगितला. तोही अर्थातच चंचीत गेला. परतताना गाव जवळ आल्यावर तिने एसटीत पान जुळवलं आणि चंची घट्ट गुंडाळून पुन्हा कनवटीला खोचली. थांब्यावर उतरते तोच डाव्या कमरेला आग आग व्हायला लागली.

घरी पोचेपर्यंत काकीचं निदान पक्कं झालं होतं. नागीण उठली! तिचं तोंड आणि शेपूट कमरेभोवती एकत्र आलं की माणूस आटोपला, असं आमच्याकडे अजून मानतात. चंची उशाशी टाकून ती पडवीत आडवी झाली. सून संचिताने बघितलं, तर कमरेवर लालभडक चट्टा. गावाला दरडावणारी काकी भ्याली होती.

"माझा काय खरा नाय गो," ती म्हणाली. "आयक, तुझ्या बांगड्याच्या तिखल्याक मी सदीच नावा ठेवलंय. पण तसा तिखला माका जल्मात जमूक नाय."

लग्न होऊन आल्यापासून संचिताने आपल्या हातच्या माशाच्या कालवणाबद्दल सासूकडून असं काही ऐकलंच नव्हतं. ती हुंदके देऊन रडायला लागली. शेजारून मी धावलो.

तेवढ्यात जितेंद्र सेल न्यायला आला. चंचीत हात घातला आणि "आवशीक खाव!" म्हणून झटकला. मग फडक्यात धरून त्याने सेल बाहेर काढला.

"काकी, ही बघ तुझी नागीण! ह्या सेलाची दोनय टोका एकाच बाजूक आसत. तुझी चुन्याची डबी दोगांकय चिकटली, करंट थंयच्या थंय फिरलो आणि सेल तापलो."

काकी उठून बसली. ग्रामदेवी सातेरीला हात जोडले, हसली, डोळे पुसले, आणि "मी मरणंय नाय मा रे?" असं पुन्हा पुन्हा विचारत राहिली. आमच्याही जिवात जीव आला.

संचिता चट्ट्यावर गार पाण्याचं फडकं धरून बसली. थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "आई, तिखल्याचा बोल्लात ता खराच?"

काकीने तोंड फिरवलं, पण आता सुटका नव्हती.

"मराच्या येळाक कोण खोटा बोलता गो?"