विश्वासानं अडवलेला माणूस

लोक मला म्हणतात, बाई, आता राग सोडा, वर्ष होऊन गेलं. झालं गेलं गंगेला मिळालं. मी म्हणते, गंगेला मिळायला ते आधी माझ्या डोक्यातून तरी निघायला हवं.

बोदलकसा तलावाच्या अलीकडे आमचं पत्र्याच्या छपराचं चर्च आहे. पंचवीस-तीस घरं. कोणी धानाची शेती करतं, कोणी तलावात जाळं टाकतं, दोघं-तिघं नागझिऱ्यात गाईड आहेत. मी सरकारी दवाखान्यात नर्स, म्हणून सगळे सिस्टर म्हणतात. आमचे पास्टर तमिळनाडूतल्या समुद्रकाठच्या गावातून मिशनरी म्हणून आले, ते इथेच राहिले. लग्न केलं नाही. बोली अशी उचलली की तिरोड्याच्या बाजारात भाजीवाली त्यांना परका समजत नसे.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचे डोळे पिवळे झाले, पोट फुगलं. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, लिव्हरचा कॅन्सर आहे, पसरलाय, आता घरी न्या, जवळच्यांना भेटवा. मी हे चर्चच्या एल्डरांना जसंच्या तसं सांगितलं. एल्डर म्हणजे मंडळीचे वडीलधारे कारभारी; आमचे एल्डर निवृत्त वनरक्षक, सरळ माणूस, कोणाच्या वाळल्या पाचोळ्यावर पाय न देणारा. त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "डाक्टरनं घरी न्याले सांगतलन." आणि आम्ही पास्टरांना घेऊन आलो ते बोदलकसाला. त्यांचं घर इथेच, यात कोणाला शंकाच आली नाही.

त्यांची आई जिवंत होती. ऐंशीच्या पुढची. रोज संध्याकाळी फोन यायचा आणि ते तासभर तिच्याशी तिच्या भाषेत बोलायचे, हसायचेसुद्धा. एकदा फोन ठेवून मला म्हणाले, "सिस्टर, मले मायले पाहाचा आहे. पन यायले कसा सांगू?" यायले म्हणजे आम्हाला. कारण आम्ही उपवास धरला होता.

साखळी उपवास. प्रत्येक घरानं एक दिवस उपाशी राहायचं आणि प्रार्थना तुटू द्यायची नाही. ते बरे होऊन उभे राहीपर्यंत. लहान लेकरंसुद्धा दुपारचं जेवण सोडत होती. अशा वेळी त्या माणसानं मला घरी जायचंय म्हणायचं, म्हणजे मी बरा होणार नाही असं सांगायचं. शंका म्हणजे विश्वासाला पडलेलं भोक, हे त्यांनीच आम्हाला शिकवलेलं.

पण त्यांनी आणखीही काही शिकवलं होतं, ते आम्ही सोयीनं विसरलो. कोणाला साप चावला, कोणाची बाळंतीण अडली, की पास्टर प्रार्थना करायचे ती मोटरसायकलला किक मारता मारता. कामठ्याच्या एका बाईला त्यांनी मागे बसवून गोंदियाला नेलं, रस्ताभर मोठ्यानं प्रार्थना चालू आणि गाडीही सुसाट. आम्ही त्यांची प्रार्थना तेवढी उचलली आणि मोटरसायकल अंगणात ठेवून दिली.

मी दक्षिणेच्या गाडीचं तिकीट काढलं. खालचा बर्थ त्यांचा, समोरचा माझा. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी वाटीभर पेज घेतली आणि ती पोटात राहिली. झालं! बाया रडल्या, हल्लेलुया झाला. एल्डर म्हणाले, "आता कायले नेता? सुधार होऊन राहिला ना." मी मोबाईल काढून तिकीट रद्द केलं. मी! नर्स असून! वाटीभर पेजेनं काय होतं, ते त्या सबंध गावात एकट्या मला कळत होतं.

दुसरं तिकीट एल्डरांच्या स्वप्नापायी गेलं. त्यांना पास्टर कामठ्याच्या रस्त्यानं मोटरसायकल चालवताना दिसले. स्वप्नाशी कोण भांडणार? मी तेही तिकीट रद्द केलं. या दोन तिकिटांत अठरा दिवस गेले. त्या अठरा दिवसांत त्यांचे हात थरथरायला लागले, दिवसा झोप, मध्येच कालची गोष्ट आजची. लिव्हर बंद पडून विष डोक्यात चढायला लागलं की असंच होतं. पुस्तकात असतं ते. मी ते पुस्तक परीक्षेला पाठ केलेलं.

मग तो रविवार. उपासना संपत आली होती. पास्टरांना प्लास्टिकच्या खुर्चीत उशांनी टेकवून पुढे बसवलं होतं. एल्डर उठले आणि म्हणाले, आणखी सात दिवसांचा उपवास धरू. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उभी राहिले आणि माझ्या तोंडून निघालं ते असं निघालं:

"कोणी उपवास धरनार नाई. याचं लिव्हर गेलं. हा मानूस मरून राहिला आन तुमी त्याले बरा करून राहिले! त्याची माय तिकडं वाट पाहून राहिली. त्याले घरी जाचा आहे, आन तुमच्या भेवानं तो बोलत नाई."

पास्टरांच्या तोंडावर बोलले मी हे. अरे-तुरे केलं. नागझिऱ्यातला एक गाईड होता, ज्याची दारू पास्टरांनी सोडवली होती, तो माझ्या अंगावर धावून येणारच होता. तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला. स्पष्ट, खणखणीत.

"आमेन."

एल्डर खाली बसले. मग म्हणाले, "पास्टरजी, काऊन नाई सांगतलं?" मला तेव्हा सगळ्यांचा राग आला, पास्टरांचासुद्धा. इतकी वर्षं आमच्यात राहून आम्हाला एवढं तोंडावर सांगता येऊ नये?

एकदा ठरल्यावर मात्र आमच्या लोकांनी जिवाचं रान केलं, हे कबूल करते. तोच गाईड जीप घेऊन आला. मागे गादी टाकली, खड्डा आला की चौघं चार कोपरे उचलून धरत. गोंदिया स्टेशनवर तर सगळं चर्च हजर. त्यांना हातांवर झेलून डब्यात नेलं. टीसी म्हणाला, "इतने लोग? कोई मंत्री है क्या?" एल्डर म्हणाले, "हमारा घर का आदमी है." आणि लेकरासारखे रडायला लागले. मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. त्या अठरा दिवसांआधी हा माणूस आपल्या पायांनी डब्यात चढला असता.

दुसऱ्या दिवशी गाडीतच त्यांना भ्रम झाला. खिडकीतल्या नारळाच्या झाडांकडे बोट करून ते मला बोदलकसा तलावाच्या पाळीबद्दल सांगत होते. उतरल्यावर अॅम्ब्युलन्स, मग वाळूची गल्ली, मग ते घर. आई ओट्यावर बसलेली होती, पांढरी साडी, हात माझ्या मनगटापेक्षा बारीक. पास्टरांच्या भाचीला थोडी हिंदी येत होती, तेवढाच आमच्यातला दुवा.

खाट ओट्यावरच ठेवली. आईनं त्यांचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि त्यांच्या भाषेत काहीतरी म्हटलं, दोनदा, तीनदा. त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. त्या अठरा दिवसांआधी ते हिच्याशी तासभर हसत बोलत होते. आता म्हणाले, आमच्या बोलीत, अगदी अदबीनं,

"बाई, मले माह्या मायकडं नेऊन द्या."

आईनं माझ्याकडे पाहिलं. भाचीनं विचारलं, "नानी पूछ रही है, मामा क्या बोले?"

मी सांगितलं, "बोले, माँ मिल गई."

भाचीनं ते तिला सांगितलं. म्हातारीनं माझ्यापुढे हात जोडले. कपाळ जवळजवळ माझ्या हाताला टेकवलं. भाची म्हणाली, "नानी बोल रही है, आप लोगों ने बहुत किया. भगवान आप लोगों को आशीर्वाद दे."

आणि तिकडे खाटेवरून पास्टर माझा पदर धरून ओढत होते. "चला ना, सिस्टर. उशीर होऊन राहिला."