बाबांची भिंत आणि फुकटचं प्यादं

बाबा बुद्धिबळ खेळतात ते जुन्या देशी रीतीनं. त्यात पहिल्या चालीलाही प्यादं एकच घर सरकतं. मंडल कचेरीत, म्हणजे आमच्याकडच्या तहसिलीत, कारकून होते तेव्हा तिथल्या जुन्या कॉम्प्युटरवर जेवणाच्या सुट्टीत ते असेच एकेक घर सरकत प्याद्यांची भिंत बांधून बसायचे. त्या भिंतीपुढे मशीनचं डोकं चालत नसे. ते उंट नुसता मागेपुढे करत राही आणि शेवटी कंटाळल्यासारखं स्वतःचीच बाजू उघडी करी. कॉम्प्युटरला हरवणारे बाबू, अशी आमच्या गुडीहत्नूर गावभर त्यांची ओळख झाली.

माझ्या फोनवरचा नवा प्रोग्राम या युक्तीला पुरून उरला. भिंत पुरी व्हायच्या आत तो स्वतःचं मधलं एक प्यादं फुकट देतो. बाबा भिंतीतल्या प्याद्यानं ते खातात, भिंतीला खिंडार पडतं आणि त्याचे हत्ती आत घुसतात. पंधरा दिवस रोज हेच.

"बाबा, ते खाऊ नका ना."

"फुकट देऊन राह्यलं तं काऊन सोडू?"

पालथ्या घड्यावर पाणी. माझा जीव जळत होता, कारण मी शिकवते त्या शाळेत, माझ्या सातवीच्या वर्गासमोर मशीनला हरवून दाखवायचं त्यांनी कबूल केलं होतं. पोरांसमोर त्यांचं हसं झालेलं मला पाहवलं नसतं.

म्हणून त्या दिवशी फोन वर्गातल्या टीव्हीला जोडताना मी गुपचूप प्रोग्रामची पातळी खाली आणली. भिंत झाली. मशीन उंट मागेपुढे करू लागलं. पोरं खूश. बाबांनी मात्र चष्मा काढला.

"याची ताकद कमी केली काय वं तू?" भर वर्गात विचारलं. मी मान खाली घातली.

"तुह्या बापाले हारता येत नाई काय?"

त्यांनी मला पातळी वर करायला लावली, नवा डाव मांडला आणि रीतसर हरले. मग पोरांकडे वळून म्हणाले, "सांगा, कुठं चुकलो?"

"आजोबा, ते प्यादं खायचं नवतं," पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली.

"बरोबर हाय तुहं."

मी मागे उभी राहून चरफडत होते. तेच सांगून माझा घसा कोरडा झाला होता. पण कुठं चुकलो, असं त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं, आणि आज मी त्यांना लबाडीनं जिंकवायला गेल्यावर तर विचारणारही नव्हते.