झडतीत सापडलेले बोळे

“डॉक्टरांनी मेणाचे बोळे मोफत दिले होते, परंतु अडाणीपणामुळे एकाही कामगाराने ते एक दिवसही कानात घातले नाहीत, आणि तो स्तुत्य प्रयोग नाइलाजाने बंद पडला.”

हे वाक्य आमच्या सहकारी सूतगिरणीच्या आठवणींच्या पुस्तकात छापलेले आहे. ते लिहिणारा गिरणीचा त्या काळचा कामगार अधिकारी, आणि माझा मित्र. बोळे मोफत होते, प्रयोग स्तुत्य होता आणि तो बंद पडला, एवढे खरे आहे. राहिलेल्या भागासाठी मला लेखणी उचलावी लागली. कारण ज्या दहाजणांना तो अडाणी ठरवतो, त्यांच्यापैकी उत्तर द्यायला आता मी एकटाच उरलो आहे.

आम्ही दोघे बेंबळीकडचे. बहात्तरच्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर एकाच रांगेत खडी फोडली, एकाच पानावर सुकडी खाल्ली. सुरुंगाची शिट्टी झाली की आम्ही स्वतःचे कान झाकत नसू. मी त्याच्या कानांवर तळवे दाबी, तो माझ्या. असे का, ते आठवत नाही. खोड पडली होती, एवढे खरे. पुढे माळावर गिरणी उभी राहिली. तो शिकत शिकत कचेरीत गेला आणि मी रिंगखात्यात जॉबर, म्हणजे सूत कातणाऱ्या यंत्रांवरचा मुकादम झालो. त्या खात्यात सूत गुंडाळणाऱ्या हजारो चात्या एकदम फिरत. आम्ही तिथे तोंडाने बोलतच नसू. ओठ बघायचे आणि बोटांनी खुणा करायच्या.

ऐंशीनंतर केव्हातरी एका वैद्यकीय महाविद्यालयातून एक डॉक्टरीणबाई एसटीने आल्या. त्यांच्या संशोधनाचा विषय कानाचा आतला भाग. गोंगाटाने तो कसा निकामी होतो आणि त्याला वाचवता येते का, हे त्यांना पाहायचे होते. तपासणीच्या यंत्रासाठी शांत जागा हवी होती. ती मी सुचवली: रुईच्या गाठींचे गोदाम. चहूबाजूंनी छतापर्यंत गाठी रचलेल्या. आत स्वतःचा श्वास ऐकू येई. बाई हसून म्हणाल्या, “अशी खोली आमच्या कॉलेजातसुद्धा नाही.”

पहिली तपासणी माझीच झाली. कानाला यंत्र लावून त्या एकेक सूर सोडत. ऐकू आला की बोट वर करायचे. जाड सुरांना मी बोट वर केले. बारीक सुरांची पाळी आली तेव्हा मला वाटले, बाईंनी यंत्र बंद केले.

“तुम्हाला रातकिडे ऐकू येतात का?” त्यांनी विचारले.

“बाई, आमच्याकडं दुष्काळापासनं रातकिडे राह्यलेच न्हाईत.”

“काल मी इथंच मुक्कामाला होते,” त्या म्हणाल्या, “मला झोपू दिलं नाही त्यांनी.”

कित्येक वर्षे मी चारचौघांत सांगत आलो होतो की दुष्काळाने रातकिडे मारले. मेले होते ते माझ्या कानातले काहीतरी. काय मेले, ते बाईंनी गाठींवर कागद ठेवून काढून दाखवले. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी वळणे घेत गेलेली नळी असते, तिच्यात पाणी असते, आणि त्या पाण्यात बारीक केस असलेल्या पेशी ओळीने उभ्या असतात. आवाज आला की केस हलतात. गोंगाट झाला की लवतात. विश्रांती मिळाली तर काही पुन्हा सरळ होतात. रोज झोडपले तर मोडतात, आणि माणसाच्या कानात ते पुन्हा उगवत नाहीत.

आमच्यात वयाने सर्वांत मोठा एक कामगार होता. त्याची जीभ तिखट. त्याने विचारले, “फेरपेरणी न्हाई व्हय, बाई?”

“नाही. आहे ते राखायचं, एवढंच हातात आहे.”

“मग जोंधळ्यापरीस वंगाळ झालं की.”

राखण्याचा उपाय म्हणजे ते बोळे. दवाखान्याचा कापूस मेण घालून मळलेला. दहाजणांनी ते वर्षभर घालायचे, दहाजणांनी नाही. पाळीच्या आधी आणि नंतर सर्वांचे कान तपासायचे, आणि वर्षाअखेर कोणाचे किती शाबूत राहिले ते बघायचे. बोळे घालणारे दहा मी निवडले, त्यांत मीही होतो. माझ्या शब्दावर बाकीचे तयार झाले.

अडचण एकच होती. गिरणीच्या फाटकावर पाळी सुटताना जमादार प्रत्येकाची झडती घेई. रुईचा पुंजका अंगावर सापडला तरी तो गिरणीच्या मालाची चोरी. म्हणून मी मित्राला म्हणालो, “फाटकावर सांगून ठेव. कानात कापूस दिसला की जमादार बोंबलंल. आन् जमलं तर लेखी दे.”

तो दुखावल्यासारखा बघत राहिला. “माझ्याकडनं लेखी मागतूस? आरं, म्या हाय न्हवं? तू निस्ता बोळे घाल.”

मला माझीच लाज वाटली. लेखी मी मागितले नाही.

पहिले काही आठवडे जमादाराचे लक्ष गेले नाही, कारण पाळी सुटताना आम्ही बोळे काढून, डबीत घालून खात्यातच ठेवत असू. तेवढ्यात बाईंनी आलेख दाखवले. बोळे न घालणाऱ्यांची संध्याकाळची रेघ सकाळच्या रेघेपासून खाली घसरलेली. आमच्या दोन रेघा जवळजवळ एकमेकींवर. बाईंनी ते संचालकांनाही दाखवले. संचालकांनी एवढेच विचारले, “हे बाहेर कुठं छापणार का?”

त्यानंतरच्या आठवड्यात एका संध्याकाळी आम्ही दहाही जण बोळे काढायचे विसरलो. सवय झाली होती. कानात काही आहे हे जाणवतच नव्हते. मागून जमादार “थांबा” म्हणून ओरडला. आम्हाला ते ऐकू आले नाही. चालत राहिलो. त्याने शिट्टी वाजवली, माणसे धावली, आणि झडती चुकवून पळणारे म्हणून आम्हाला फाटकावर उभे केले. एकेकाच्या कानातून बोळे काढून कागदावर ठेवले. आमच्यातला तो तिखट जिभेचा म्हातारा म्हणाला, “जमादार, नाकातबी बघा, तिथंबी रुई हाय, तुमच्याच गिरणीची. छातीत तर गाठभर हाय. ती कवा काढताय?”

सगळे हसले. मीही हसलो, कारण मला खात्री होती की मित्र आता कचेरीतून येईल आणि हे मिटेल.

तो आला. त्याच्यासोबत आलेल्या मॅनेजरसाहेबांनी विचारले, “कोणाच्या परवानगीने?” मी त्याच्याकडे बोट केले. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. “मला याची कल्पना नाही, साहेब,” असे तो म्हणाला, तेही पुस्तकी मराठीत. माझ्यासमोर त्याने तोवर कधी तशी भाषा वापरली नव्हती.

त्याच्यावर संचालकांचे दडपण असेल, हे मी मान्य करतो. पण मला बाजूला घेऊन “बोळे बंद कर” एवढे म्हणायला कितीसा वेळ लागला असता? दहाजणांना नोटिसा निघाल्या. पुन्हा आढळल्यास कामावरून कमी. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याने डबी माझ्या हातावर ठेवली. “जॉबर, तुमच्या शब्दावर घातले हुते,” एवढेच बोलला. त्या दिवशी त्याने थट्टा केली नाही.

बाई पुढच्या खेपेला आल्या तेव्हा गोदामात त्यांच्यासमोर मी एकटाच बसलो. “मला वर्षभराचं पाहिजे होतं,” त्या कागद गुंडाळत म्हणाल्या. मी घडलेले सांगितले. त्यांना ते कितपत पटले, मला माहीत नाही. त्या पुन्हा आल्या नाहीत. आम्ही मात्र त्याच खात्यात, उघड्या कानांनी, गिरणी बंद पडेपर्यंत उभे राहिलो. म्हाताऱ्याला शेवटी शेवटी नातवाची हाकही समोर उभे राहून द्यावी लागे.

आता पुस्तकात तो म्हणतो, एकानेही, एक दिवसही. माझी नोटीस मी जपून ठेवली आहे. ती छापील नाही, त्याच्या हातची आहे, खाली त्याची सही आहे, आणि जप्त मालाच्या रकान्यात त्याच्याच वळणदार अक्षरात लिहिलेले आहे: “बोळे दोन, कर्मचाऱ्याच्या उजव्या व डाव्या कानातून काढलेले.”