आठव्या फेरीनंतर

तिला सगळे भिंगरी म्हणत. होस्टेलमध्ये आम्ही एका खोलीत राहायचो. मी साहित्याची विद्यार्थिनी, ती पाच हजार मीटर पळणारी. खोलीत दोरी एकच होती आणि ती कायम तिच्या मोज्यांनी भरलेली असायची. माझा टॉवेल तीन वर्षं खुर्चीवरच वाळला.

आता दोघींच्याही हातात पदवी आहे. कॉलेजच्या दिवसांबद्दल लोक फार गोड बोलतात. मला ते जमत नाही. तिच्याशी तिथे जसं वागले ते आठवलं की डोकं तापतं.

भिंगरी तीन वर्षं कॉलेजसाठी पळाली आणि तिने एकही शर्यत पूर्ण केली नाही.

तिचं काम ठरलेलं होतं. पहिल्या आठ फेऱ्या सगळ्यांच्या पुढे राहायचं, वेग धरून द्यायचा, वारा अंगावर घ्यायचा. तिच्या पाठीला चिकटून आमच्या संघातली पदकवाली यायची. आठवी फेरी संपताना कोच सर ट्रॅकच्या आतल्या कडेला उभे राहायचे आणि कमरेजवळ हात हलवायचे, दारातली कोंबडी हुसकावी तसा. भिंगरी गवतावर उतरायची. उरलेल्या साडेचार फेऱ्या पळून पदकवाली जिंकायची. फोटोत भिंगरी नसायची. फोटोच्या वेळी ती सगळ्यांचे बूट सांभाळत असायची.

"पुढच्या वर्षी तुझं," सर म्हणायचे. पुढच्या वर्षी म्हणायचे, "अगं, संघ म्हणजे घर. घरात कुणी हिशेब करतं का?"

संघातून काढलं असतं तर होस्टेलची खोलीही गेली असती. ती खेळाडूंसाठीच्या जागेवर राहत होती. सरांना ते माहीत होतं. म्हणूनच ते इतकं गोड बोलू शकायचे.

"तू सरांना ‘नाही’ का म्हणत नाहीस?" मी एकदा विचारलं.

"म्हणते की. रोज म्हणते."

"कधी?"

"दात घासताना."

तिची आई हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करते. तिने मुलीला पळताना कधी पाहिलं नव्हतं. शेवटच्या शर्यतीला ती येणार होती. भिंगरी सरांकडे गेली. मी सोबत होते.

"सर, ही शेवटची. आई येतेय. मला पूर्ण पळू द्या."

सर हसले. "पळ की बाई. आधी आठ फेऱ्या ओढून दे, मग तुझं तू बघ."

त्या आठवड्यात ती झोपेतही पाय हलवत होती.

शर्यतीच्या दिवशी तिची आई, म्हणजे माझ्या काकू, कामावरून तशाच आल्या होत्या. बोटांवर इस्त्रीचे चटके होते. माझ्या शेजारी बाकाच्या अगदी कडेला बसल्या, जणू कुणी उठवायला येईल.

"ती सगळ्यात पुढची आपलीच ना गं?"

"आपलीच, काकू."

"काय पळते! आणि दुकानात जा म्हटलं की हिचे पाय दुखतात."

आठवी फेरी संपत आली. सर नेहमीच्या जागी उभे होते, पण कुणाशी तरी बोलत, हात खिशात घालून. भिंगरीचा डावा पाय गवतावर पडला. मग उजवा. ती थांबली. तिने पायांकडे पाहिलं, दुसऱ्या कुणाचे असावेत तसं. एकदा ट्रॅक सोडला की परत येता येत नाही. बाकीच्या मुली तिच्या बाजूने निघून गेल्या.

काकू उभ्या राहिल्या. "अगं, बाकीच्या पळतायत अजून. हिला काय झालं? लागलं का कुठं?"

मी त्यांचा हात धरला.

आम्ही खाली उतरलो तेव्हा सर तिच्यापाशी पोचले होते. काकूंसमोरच म्हणाले, "बघितलंस? शेवटपर्यंत जायचा दमच नाही तुझ्यात. उगाच नव्हतो मी थांबवत."

"सकाळपासून काही खाल्लं नसेल हिने, सर," काकू म्हणाल्या. मुलीच्या वतीने त्या माफी मागत होत्या. कुणाची, तर या माणसाची!

खोलीवर आल्यावर भिंगरी बराच वेळ बूट काढेना. मग म्हणाली, "त्यांनी हात हलवला नव्हता. मी पाहिलं ना. पाय आपणहून गेले."

मी इतकी पुस्तकं वाचली होती. त्यातलं एकही वाक्य कामाला आलं नाही. एखाद्याला तीन वर्षं मध्येच सोडायला शिकवायचं, आणि ते अंगात मुरलं की म्हणायचं, दमच नाही!

निरोप समारंभाला पालकांना बोलावलं होतं. खेळाडूंतर्फे भिंगरीने बोलायचं होतं. "शिस्त, संघभावना, आभार," सरांनी तिला बजावलं होतं. "आवर लवकर, जेवणं खोळंबतात."

ती माइकसमोर उभी राहिली.

"आई, त्या दिवशी मला काही झालं नव्हतं. मी उपाशी नव्हते. मला दम लागला नव्हता. मला दर वेळी आठव्या फेरीनंतर बाहेर काढायचे. दुसरीने जिंकावं म्हणून. त्या दिवशी सवयीने..."

सभागृहात खुर्च्या करकरल्या. पदकवाली मान खाली घालून बसली. पहिल्या रांगेत सर अर्धवट उठले आणि त्यांनी कमरेजवळ हात हलवला. तसाच.

भिंगरीचा डावा पाय पायऱ्यांकडे वळला. मी पाहिलं.

पाय तिथेच थबकला. मग तिने तो मागे घेतला आणि माइक दोन्ही हातांनी धरला.

"बसा, सर. माझ्या साडेचार फेऱ्या राहिल्यात."

कुणी टाळी वाजवली नाही. मागच्या रांगेतून फक्त काकूंचा आवाज आला.

"बोल गं तू."